मुलाला नक्की काय यायला हवं? इंदूरच्या मराठी पालकांसाठी नवे शालेय निकष आणि परीक्षा

दुसरीतल्या मुलाचं प्रगतिपत्रक उघडलं तर काही शाळांत आता गुणांच्या रकान्याऐवजी झरा, डोंगर आणि आकाश अशी चित्रं दिसतात. पाचवीच्या वर्गाला बोर्डासारखा वार्षिक पेपर असतो. सीबीएसईच्या दहावीला एकाच वर्षात दोनदा बसता येतं. आजी-आजोबा विचारतात, "कितवा आला?" आणि त्याचं उत्तर कागदावर कुठेच छापलेलं नसतं. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग अशा भागांतल्या मराठी घरांत आणखी एक गुंता आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. मूल पेपरात अडलं तर ते गणितात अडलं की भाषेत, हे चटकन ओळखता येत नाही. मग ट्यूशन गणिताची लावली जाते आणि अडचण भाषेतच राहते, किंवा याच्या उलट होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख या एका गोष्टीकडे आहे: परीक्षेचा निकाल वाचून मुलाची कडी कुठे सुटली आहे ते शोधायचं.

आधी शाळेचं मंडळ नक्की करा

इंदूरमध्ये शाळेच्या फाटकावरच्या पाटीवर विसंबू नका. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेली शाळा सीबीएसईशी संलग्न असेलच असं नाही. अशा पुष्कळ शाळांना आठवीपर्यंत राज्याची मान्यता असते, आणि मग पाचवी-आठवीच्या राज्याच्या परीक्षा तिथल्या मुलांना द्याव्या लागतात. सातवीपर्यंत याची कल्पना नसलेले पालक आठवीत गडबडतात, कारण पुस्तकं एका पद्धतीची आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्या पद्धतीची निघते.

शाळेच्या कार्यालयात संलग्नता क्रमांक मागा. सीबीएसईचा असेल तर मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधून ती कोणत्या इयत्तेपर्यंत संलग्न आहे ते पाहा. राज्याची शाळा असेल तर पहिली ते आठवीचं काम भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडे आणि नववी ते बारावीचं माध्यमिक शिक्षा मंडळाकडे असतं. घरी बोलताना आपण दोन्हींना 'एमपी बोर्ड' म्हणतो, पण तक्रार किंवा चौकशी करायची वेळ आली की हा फरक लागतो.

चार टप्पे, थोडक्यात

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केलं. त्यात शाळेची मांडणी ५+३+३+४ अशी आहे. पहिला टप्पा ३ ते ८ वर्षांचा: तीन वर्षं बालवाटिका किंवा अंगणवाडी, मग पहिली आणि दुसरी. दुसरा तिसरी ते पाचवी, तिसरा सहावी ते आठवी आणि चौथा नववी ते बारावी. पहिलीत जाताना मुलाची ६ वर्षं पूर्ण हवीत. "पाच वर्षांचा असूनही हुशार आहे, बसवून टाका" हा आग्रह सोडा. वय लपवून घातलेलं मूल दुसरीपर्यंत कसंबसं निभावतं आणि तिसरीत लेखनाचा भार वाढला की मागे पडतं.

या टप्प्यांसाठी अभ्यासक्रम आराखडे आले: पायाभूत टप्प्याचा ऑक्टोबर २०२२ मध्ये, संपूर्ण शालेय शिक्षणाचा ऑगस्ट २०२३ मध्ये. एनसीईआरटीची नवी पुस्तकं पहिली-दुसरीसाठी २०२३ मध्ये, तिसरी आणि सहावीसाठी २०२४ मध्ये आली. सगळी पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. तुमच्या मुलाच्या शाळेत दुसरी पुस्तकं असली तरी ही उतरवून ठेवा, घरच्या तपासणीला लागतील.

शाळेच्या कागदांवर 'सीखने के प्रतिफल' असा शब्द दिसेल. महाराष्ट्रातले नातेवाईक त्यालाच अध्ययन निष्पत्ती म्हणतात. धडा शिकवून झाला की मुलाला काय करता आलं पाहिजे, त्याची ती यादी असते. वर्गशिक्षकांकडे मागितली तर मिळते. ती एकदा हातात घेतलीत की प्रगतिपत्रकातली निम्मी भाषा उलगडते.

तिसरीपर्यंतचा पाया: आकडे पाठ ठेवा

५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि रोजचं गणित करता यावं, हे त्याचं लक्ष्य, आणि मुदत २०२६-२७. मध्य प्रदेशात हेच काम 'मिशन अंकुर' नावाने चालतं. त्यातली उद्दिष्टं पालकांनी शिक्षकांइतकीच नीट माहीत करून घ्यावीत, कारण ती घरी दहा मिनिटांत तपासता येतात.

बालवाटिकेच्या शेवटी: अक्षर आणि त्याचा उच्चार जुळवता येणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतचे अंक ओळखणं.
पहिलीच्या शेवटी: चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचणं, ९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं, सोपी बेरीज-वजाबाकी.
दुसरीच्या शेवटी: न वाचलेला उतारा मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने, समजून वाचणं. ९९९ पर्यंत संख्या, ९९ पर्यंतची वजाबाकी.
तिसरीच्या शेवटी: मिनिटाला किमान ६० शब्द, समजून. ९,९९९ पर्यंत संख्या आणि सोपे गुणाकार.

घरी वाचनाची तपासणी अशी करा

७० ते ८० शब्दांचा उतारा निवडा. तो मुलाच्या स्वतःच्या पुस्तकातला नको. तिथले धडे मुलांना तोंडपाठ असतात आणि नजर अक्षरावर नसतानाही ती धडाधड 'वाचतात'. शाळेत राज्याचं पुस्तक असेल तर एनसीईआरटीच्या त्याच इयत्तेच्या पुस्तकातला घ्या. अक्षराचा आकार पाठ्यपुस्तकाएवढाच असू द्या, मोबाईलच्या पडद्यावर वाचायला देऊ नका.

फोनवर एक मिनिट लावा आणि फोन पालथा ठेवा. घड्याळ दिसलं की मूल पळतं. वाचताना चूक झाली तर टोकू नका, हातातल्या दुसऱ्या प्रतीवर खूण करा. एखाद्या शब्दावर तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे जाऊ द्या आणि तो शब्द चुकलेला धरा. मुलाने स्वतःहून सुधारलेला शब्द बरोबर धरायचा. मिनिट संपल्यावर वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा. मग उरलेला उतारा वेळ न लावता वाचू द्या, कागद झाका आणि तीन प्रश्न विचारा: एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ असावं, दुसऱ्याचं दोन वाक्यं जोडून काढावं लागावं, तिसरा 'तू काय केलं असतंस?' असा.

आता जे दिसलं त्याचा अर्थ लावा. दुसरीतलं मूल अक्षर-अक्षर जोडत ३० शब्दांच्या खाली राहत असेल तर बहुतेक वेळा मात्रा किंवा जोडाक्षरं कच्ची असतात. चुकलेल्या शब्दांची यादी पाहा. 'दिन' आणि 'दीन', 'बेल' आणि 'बैल' यांत गोंधळ असेल तर रोज दहा मिनिटं अशाच जोड्या वाचून घ्या, अख्खा धडा पुन्हा वाचायला लावू नका. गती ६० आहे पण एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही, तर मूल आवाज वाचतंय, अर्थ नाही. अशा वेळी गती वाढवायचा आग्रह नुकसान करतो. प्रत्येक दोन वाक्यांनंतर थांबवून "काय झालं?" एवढंच विचारा. गती कमी आहे पण तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, तर काळजी कमी, फक्त वाचनाचा सराव वाढवा.

ही तपासणी महिन्यातून एकदा पुरे. दर आठवड्याला केली तर मुलाला तिचा धाक बसतो आणि आकडेही फसवे येतात.

मराठी घरात काय वेगळं बघायचं

वर वाचनाची जी तपासणी सांगितली ती शाळेच्या भाषेत करा, पण उतारा झाकल्यावर प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरही मराठीत घ्या. ही छोटी गोष्ट सगळ्यात जास्त माहिती देते. हिंदी किंवा इंग्रजी उतारा वाचून मूल मराठीत नीट सांगतं, पण शाळेच्या भाषेत सांगताना अडखळतं, तर समज पक्की आहे आणि अडचण मांडणीची आहे. त्यावर उपाय म्हणजे शाळेच्या भाषेत रोज चार वाक्यं बोलणं आणि लिहिणं. मराठीतही सांगता आलं नाही तर खुद्द वाचनातच अडचण आहे. शिक्षकांशी बोलताना हा फरक स्पष्ट सांगा, कारण वर्गात दोन्ही मुलं सारखीच गप्प दिसतात.

मराठी आणि हिंदी वाचनाच्या गतीची तुलना करू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, हिंदीत सुटी राहतात. 'घरापासून' हा मराठीत एक लांब शब्द आहे, हिंदीत 'घर से' हे दोन छोटे. त्यामुळे तेवढ्याच सफाईने वाचणाऱ्या मुलाचे मराठी शब्द मिनिटाला कमी भरतात.

उच्चाराच्या चुका आणि वाचनाच्या चुका वेगळ्या धरा. मराठी मूल हिंदीतला 'चाचा' आपल्या 'चमचा'तल्या च ने वाचेल. ती वाचनाची चूक नाही. 'ड' आणि 'ड़' यांचा गोंधळ मात्र लिहिताना गुण घालवतो, म्हणून 'सड़क', 'लड़का', 'पढ़ना' हे शब्द लिहून घ्या. लिंगाचा घोळही कायमचा: 'किताब अच्छा है' असं लिहिणाऱ्या मुलाला व्याकरणाचे नियम सांगण्यापेक्षा वीसेक नामांची 'अच्छा-अच्छी' यादी भिंतीवर लावलेली बरी.

संख्यांमध्ये गुंता जास्त खोल आहे. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. इंग्रजी माध्यमातलं पहिली-दुसरीचं मूल आजीने 'पंचवीस' म्हटल्यावर ५२ लिहितं, त्याचं कारण हे. हिंदीत क्रम मराठीसारखाच आहे, पण ८९ ला फसगत होते: आपलं 'एकोणनव्वद' नव्वदच्या एक अलीकडे नेतं आणि हिंदीतलं 'नवासी' ऐंशीच्या घरात. तपासायचं असेल तर तीच दहा संख्यांची यादी एकदा मराठीत आणि एकदा शाळेच्या भाषेत सांगून लिहवून घ्या. मराठीत बरोबर आणि शाळेच्या भाषेत चूक आली तर स्थानिक किंमत पक्की आहे, फक्त नावं शिकवायची आहेत. दोन्हींत ३०७ च्या जागी ३००७ लिहिलं जात असेल तर स्थानिक किंमतच कळलेली नाही. शंभराच्या तीन नोटा आणि सात सुटे रुपये समोर ठेवून हे लवकर सुटतं.

वजाबाकीची एक चूक हमखास दिसते: ५२ − २७ = ३५. मूल वरच्या-खालच्या अंकांपैकी मोठ्यातून लहान काढतं, म्हणजे सातातून दोन. याला निष्काळजीपणा समजून रागावू नका, मुलाने स्वतः बनवलेला तो नियम आहे. काड्यांच्या जुड्या सोडून दाखवल्याशिवाय तो मोडत नाही.

पाढे घरी मराठीत म्हणायला हरकत नाही. 'बे एके बे'ची लय असलेलं मूल हिंदी पाढेही लवकर उचलतं. आणि घरात मराठी कमी करू नका. राष्ट्रीय धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करतं. शाळेचं माध्यम आपल्या हातात नसेल, पण कल्पना समजावून सांगण्याची भाषा हातात आहे. 'अपूर्णांक' पोळीच्या तुकड्यांवर मराठीत समजला की शाळेतला शब्द त्यावर सहज बसतो.

कुठल्या परीक्षेची काळजी करायची

परीक्षांचे तीन ढीग करा. पहिल्यात मुलाच्या पुढच्या वर्गावर परिणाम करणाऱ्या: राज्याच्या शाळांत पाचवी आणि आठवी, मग दहावी, बारावी. दुसऱ्यात व्यवस्थेची तपासणी करणाऱ्या: 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण, जे ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झालं, आणि सीबीएसई शाळांतलं 'सफल', जे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या टप्प्यांवरची समज तपासतं. यांत मुलाला पास-नापास करत नाहीत. जिल्हा, राज्य किंवा शाळा कुठे उभी आहे हे त्यातून कळतं. त्यासाठी क्लास लावणं, वेगळं पुस्तक घेणं हा पैशांचा अपव्यय आहे. मूल त्या दिवशी शाळेत जाईल आणि प्रामाणिकपणे लिहील एवढं बघा. तिसऱ्या ढिगात वर्गातल्या चाचण्या आणि खाजगी ऑलिम्पियाड. ऑलिम्पियाडचा निकषांशी काही संबंध नाही.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असलेल्या मुलासाठी एक परीक्षा मात्र चुकवू नका: राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं.

पाचवी आणि आठवी

शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला आणि राज्यांना पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन, गरज पडल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. पण दोन गोष्टी कायद्यातच आहेत: नापास झालेल्या मुलाला निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते, आणि प्राथमिक शिक्षण (म्हणजे आठवी) पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही. कुणी दाखला काढून घ्यायला सांगत असेल तर हे कलम दाखवा.

मध्य प्रदेशात अलीकडच्या सत्रांत प्रत्येक विषयाचे १०० गुण असे विभागलेले आहेत: वार्षिक लेखी ६०, अर्धवार्षिक २०, प्रकल्प २०. लेखी आणि प्रकल्प या दोन्हींत वेगवेगळे ३३ टक्के लागतात. चालू सत्राचे निर्देश मुख्याध्यापकांकडे असतात, दिवाळीच्या आधी ते बघून घ्या.

गुण कुठे जातात? प्रकल्पात. लेखीत बरे गुण असलेलं मूल प्रकल्प न दिल्यामुळे अडकतं. खजुरी बाजारातून तयार तक्ते आणून चिकटवले की काम झालं असं वाटतं, पण शिक्षकांनी दोन प्रश्न विचारल्यावर मुलाला काही सांगता येत नाही. साधा प्रकल्प स्वतः केलेला चालतो: घरातला सुका आणि ओला कचरा सात दिवस वेगवेगळा मोजून त्याचा स्तंभालेख काढणं. इंदूरच्या मुलाला कचऱ्याची गाडी रोज दारात दिसते, त्यामुळे निरीक्षणं खरी येतात.

मूल अडकलंच तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तीन गोष्टी करा. कोणत्या विषयात आणि कोणत्या भागात, लेखी की प्रकल्प, हे लेखी मागा. उत्तरपत्रिका बघायला मिळेल का ते विचारा आणि कोरे सोडलेले प्रश्न व चुकीचे लिहिलेले प्रश्न वेगळे मोजा. कोरे जास्त असतील तर वाचनाची गती किंवा वेळेचा हिशेब चुकलेला असतो. चुकीचे जास्त असतील तर धडे कळलेले नाहीत. मग पुनर्परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांपैकी पहिला अर्धा भाग फक्त मागच्या वर्गांच्या सुटलेल्या कड्यांना द्या. आठवीच्या बीजगणितात अडलेल्या मुलाची अडचण बऱ्याचदा सहावीच्या ऋण संख्यांमध्ये सापडते. आठवीचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं तर ती कडी तशीच राहते.

प्रश्न बदलले आहेत, ते घरी कसे बनवायचे

सीबीएसईच्या नववी ते बारावीच्या प्रश्नपत्रिकांत आता सुमारे ५० टक्के प्रश्न क्षमताधारित असतात. खालच्या वर्गांतही तीच दिशा आहे. धड्याच्या शेवटची उत्तरं पाठ करून हे प्रश्न सुटत नाहीत. हाताशी तीन नमुने ठेवा.

पाचवीसाठी: एका पाकिटात १२ पेन्सिली. १०० मुलांना एकेक द्यायची. किती पाकिटं आणायची? भागाकार पक्का असलेलं मूलही "८, बाकी ४" लिहून थांबतं. उत्तर ९ आहे, कारण बाकी राहिलेल्या चौघांनाही पेन्सिल हवी. भागाकार येणं आणि बाकीचं काय करायचं ते ठरवणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत.

आठवीसाठी: एका दुकानात कुर्त्यावर २० टक्के सूट आणि उरलेल्या किमतीवर आणखी १० टक्के. दुसऱ्यात सरळ ३० टक्के. किंमत १,५०० रुपये. स्वस्त कुठे? पहिल्यात १,०८०, दुसऱ्यात १,०५०. "दोन्हीकडे सारखंच" हे उत्तर आलं तर टक्केवारी कशाची काढायची ते मुलाला कळलेलं नाही.

विज्ञानासाठी: मे महिन्यात कूलर गार हवा देतो आणि जुलैत तोच कूलर चिकचिकाट करतो. का? इथे बाष्पीभवनाची व्याख्या लिहिली तर पूर्ण गुण नाहीत. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की बाष्पीभवन मंदावतं आणि त्यामुळे थंडावा कमी होतो, हा संबंध लिहावा लागतो.

'विधान आणि कारण' प्रकारच्या प्रश्नांत हुशार मुलंही घसरतात. विधान: नर्मदा अरबी समुद्राला मिळते. कारण: नर्मदा अमरकंटकला उगम पावते. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दुसरं पहिल्याचं कारण नाही. मूल दोन्ही खरी दिसताच 'दोन्ही खरी आणि कारण बरोबर' हा पर्याय निवडून मोकळं होतं. दोन्ही वाक्यांच्या मध्ये 'कारण' हा शब्द घालून मोठ्याने वाचायची सवय लावा, चूक कानाला कळते.

सीबीएसईची दहावी

२०२६ पासून दहावीची परीक्षा दोनदा होते: पहिली फेब्रुवारीच्या मध्यापासून, दुसरी मे महिन्यात. पहिली सक्तीची आहे. दुसरीत जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारता येतात आणि दोन्हींतले चांगले गुण धरले जातात. पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेल्याला दुसरी देता येत नाही. "फेब्रुवारीत सराव, मेमध्ये खरी परीक्षा" हा बेत त्यामुळे धोक्याचा आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण एकदाच दिले जातात, तेव्हा वर्षभराची वही, प्रकल्प आणि नियतकालिक चाचण्या ढिल्या सोडू नका. अभ्यासक्रम दोन्ही वेळा संपूर्ण असतो.

गणितात 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पर्याय आहेत. पाठ्यपुस्तक एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. अकरावीत गणित घेणारच असाल तर स्टँडर्ड घ्या. मध्य प्रदेश मंडळानेही २०२५ पासून पुरवणी परीक्षेऐवजी दुसरी परीक्षा सुरू केली आहे.

प्रगतिपत्रक आणि पालकसभा

समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदीबरोबर मुलाचं स्वतःबद्दलचं मत, सोबत्याचं मत आणि पालकांची नोंद असते. झरा ही सुरुवातीची पायरी, डोंगर मधली, आकाश म्हणजे ते काम स्वतंत्रपणे जमतं. पालकांचा भाग "छान" एवढं लिहून परत पाठवू नका. "घरी गोष्ट वाचून मराठीत सांगते, हिंदीत दोन वाक्यांवर थांबते" अशी एक ओळ शिक्षकांच्या उपयोगाची.

पालकसभेत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. "कसा आहे?" विचारलंत तर "ठीक आहे, थोडा लक्ष देत नाही" हेच ऐकून परताल. घरच्या तपासणीचा कागद न्या आणि विचारा: या इयत्तेच्या निष्पत्तींपैकी कोणत्या दोन अजून जमलेल्या नाहीत? वर्गात त्यासाठी काय चाललंय? घरी पंधरा मिनिटं द्यायची तर कशाला देऊ? पुढच्या महिन्यात सुधारणा झाली हे कशावरून कळेल? सरकारी शाळेत शाला प्रबंधन समितीत पालक सदस्य असतात. पुस्तकं उशिरा आली किंवा शिक्षक कमी असले तर तो विषय तिथे मांडा.

नाव आणि कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण नेमकं परीक्षेच्या तोंडावर गळ्याशी येतं. मध्य प्रदेशात मुलाचा ९ अंकी समग्र सदस्य क्रमांक लागतो (कुटुंबाचा ८ अंकी, तो वेगळा). त्याशिवाय १२ अंकी 'अपार' क्रमांकासाठी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) शाळा पालकांचं संमतिपत्र मागते. हे जुळण्यासाठी आधार, समग्र आणि शाळेच्या नोंदीत नाव, जन्मतारीख आणि लिंग सारखं हवं.

मराठी नावांची अडचण ठरलेली. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन भागांत लिहितो. इथे अनेक कागदांवर मधलं नाव गळतं. काळे यांचं 'काले' होतं, कारण टंकलेखन करणाऱ्याच्या हाताला ळ नसतो. इंग्रजी स्पेलिंग आईच्या कागदावर एक, वडिलांच्या कागदावर दुसरं. आधी जन्मदाखला प्रमाण धरा, मग आधार दुरुस्त करा, मग समग्रची ई-केवायसी आणि शेवटी शाळेची नोंद. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा खेटे पडतात. आठवी संपायच्या आत हे उरका, कारण नववीच्या नोंदणीतलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जातं आणि नंतर बदलणं फार जिकिरीचं होतं.

प्रयत्न करूनही वाचन सुटत नसेल तर

तीन-चार महिने रोजचा सराव करूनही तिसरी-चौथीतलं मूल अक्षरं उलटी लिहीत असेल, ओळी गाळत असेल, तोंडी उत्तरं हुशारीने देऊन लेखीत कोरं राहत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासा. दोन्ही नीट असतील तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (उदाहरणार्थ डिस्लेक्सिया) तपासणी करून घ्या. तपासणाऱ्यांना मुलाची घरची भाषा मराठी आणि शाळेची दुसरी आहे हे पहिल्यांदाच सांगा. नाहीतर नव्या भाषेची स्वाभाविक अडखळ अक्षमतेच्या खात्यात जाते, किंवा खरी अक्षमता 'भाषेमुळे असेल' म्हणून सोडून दिली जाते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ही अक्षमता समाविष्ट आहे. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर सीबीएसई तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं जादा वेळ देते, आणि लेखनिकाची सोयही मिळते. ही सवलत परीक्षेच्या आठवड्यात मागून मिळत नाही. प्रमाणपत्राची प्रत नववीच्या नोंदणीच्या वेळीच शाळेत द्या आणि पोच घ्या.